मागच्या सीटवरचं डोकं

कागल, २९ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

सकाळी पेपर उघडला आणि आधी आईला हाक मारली. महाराष्ट्रात आता दुचाकीवर मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट घालावं लागणार. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या मुख्यालयातून सगळ्या आयुक्तांना आणि जिल्ह्यांच्या अधीक्षकांना तसं पत्र गेलंय. ई-चलनाच्या यंत्रात चालकाचा एक आणि मागच्याचा एक, असे दोन वेगळे रकाने होणार आहेत.

आई कोथिंबीर निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नऊ वर्षं उशीर झाला की गं." मग जुडी नाकाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. सवयीनं अजून नेते. वास तिला येत नाही.

शाळेत दिवसभर तेच वाक्य मनात राहिलं. म्हणून रात्री ही वही काढली. पुढचे काही दिवस हेच लिहायचं ठरवलंय.

३० नोव्हेंबर, शनिवार

शनिवारची सकाळची शाळा. पावणेसातला गाडी काढली. कागल ते निपाणी वीस-बावीस किलोमीटर, मी रोज जाते-येते. घर महाराष्ट्रात, शाळा कर्नाटकात. मधे दूधगंगा. घरात मराठी, शाळेत मराठी, नदीच्या दोन्ही काठांना एकच ऊस. वेगळं दिसतं ते डोक्यावर.

आज मुद्दाम पुलाच्या अलीकडं पाच मिनिटं थांबले. धुकं होतं. कारखान्यांचा हंगाम सुरू झालाय, त्यामुळं मळीचा आंबूस वास हवेत भरून राहिलेला. कोल्हापूरकडून येणाऱ्या गाड्या बघत होते. कुणाच्या कोपरात हेल्मेट अडकवलेलं, कुणाचं आरशावर, कुणाचं पेट्रोलच्या टाकीवर तान्ह्या पोरासारखं ठेवलेलं. पूल जवळ आला की गाडी कडेला घ्यायची, डोक्यावर चढवायचं आणि पुढं कोगनोळीचा नाका गाठायचा. एका गाडीवर नवरा-बायको होती. मागच्या बाईंनी पिशवीतून हेल्मेट काढलं, पदर सारखा करून घातलं. बंद काही लावला नाही. परत येताना हेच उलट्या क्रमानं. दूधगंगा ओलांडली की हेल्मेट उतरतं.

कर्नाटकात जानेवारी २०१६ पासून मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं आणि नाक्यावर ते बघितलं जातं. आमच्याकडं इतकी वर्षं पुढच्याचंही कुणी धड बघत नव्हतं. सगळ्या भागाला हा फरक पाठ झालाय. आठवीतल्या एका मुलाला विचारलं, हेल्मेट कशासाठी असतं रे? तो चटकन म्हणाला, "नाक्यासाठी, बाई." वर्गात कुणीच हसलं नाही. बाकीच्यांनाही उत्तर बरोबरच वाटलं होतं.

मला त्या पोराचा राग आला नाही. त्यानं घरात जे बघितलं ते सांगितलं. हेल्मेट नाक्यावर बघितलं जातं, म्हणून लोकांच्या मनात भीतीही नाक्याचीच बसली. रस्त्याची बसलीच नाही.

१ डिसेंबर, रविवार

आज ते लिहायलाच हवं. वही काढली ती त्यासाठीच.

ऑक्टोबर २०१५. नवरात्र नुकतं संपलं होतं. निपाणीत मावशीकडं जायचं होतं. आई माझ्या मागं, एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीत मावशीसाठी चिवडा आणि घरचं तूप. मी हेल्मेट घातलं होतं. नोकरीला लागल्यापासून घालते. आईला घालायचं हा विचारसुद्धा मनाला शिवला नव्हता. मागच्यानं हेल्मेट घातलेलं मी तोवर कुठं बघितलंच नव्हतं.

हमरस्ता सोडून निपाणीकडं वळलो. वेग पंचवीस असेल, फार तर तीस. पुढं गतिरोधक होता, त्यावर पांढरे पट्टे नव्हते आणि वर झाडाची सावली पडलेली. मी ऐनवेळी ब्रेक मारला. गाडी पडली नाही. मला खरचटलंसुद्धा नाही. फक्त मागचा भार एकदम हलका झाला.

आई पाठीमागं, डोक्याच्या मागच्या बाजूवर पडली होती. रक्त फारसं नव्हतं. उठून बसली आणि पहिलं विचारलं, "तूप सांडलं का गं?" म्हणून मला वाटलं, वाचलो. अर्ध्या तासात तिला उलटी झाली. मग कोल्हापूर. मेंदूला सूज होती. सात दिवस दवाखान्यात काढले. आठव्या दिवशी घरी आलो. शेजारणींनी गुळाचा चहा केला. आई एक घोट घेऊन म्हणाली, "नुसतं गोड पाणी लागतंय."

डॉक्टरांनी पुढच्या भेटीत कागदावर चित्र काढून समजावलं. नाकाच्या वरच्या टोकाला चाळणीसारखं एक पातळ हाड असतं. वासाच्या मज्जातंतूंचे बारीक धागे त्या भोकांतून मेंदूत जातात. डोकं मागून आदळलं की मेंदू कवटीच्या आत पुढं-मागं हिंदकळतो आणि ते धागे चाळणीच्या तोंडाशी तुटतात. काहींचे थोडे सांधतात. आईचे सांधले नाहीत.

मी विज्ञान शिकवते. हे चित्र मलाही काढता आलं असतं.

माणसाचा जीव वाचला की लोक "देवानं राखलं" म्हणतात. राखलंच. पण आईचं घर गेलं, ते कुणाला दिसलं नाही. फोडणीत हिंग पडलं का, दूध लागलं का, भाकरी करपते का, हे ती नाकानं ओळखायची. आता डोळ्यांनी बघते आणि मला विचारते. पहिल्या वर्षी एकदा नासलेली आमटी तिनं स्वतः वाढून घेतली आणि निम्मी खाल्ली. गॅसची शेगडी ती एकटी असताना पेटवत नाही. पहिला पाऊस पडला की अंगणात येऊन उभी राहते, मी "आला गं वास" म्हणते, आणि ती मान हलवते. आणि निपाणी! तंबाखूच्या वखारींचा तो उग्र, नाकाला झोंबणारा दर्प म्हणजे तिचं माहेर. बस गावाच्या जवळ आली की ती लहानपणी झोपेतून त्या वासानं जागी व्हायची. आता तिला पाटी वाचून कळतं.

या गोष्टीनंतर तीन महिन्यांनी, त्याच रस्त्यावर, मागच्यालाही हेल्मेट लागू झालं.

३ डिसेंबर, मंगळवार

वाचनालयातून मोटार वाहन कायद्याचं पुस्तक आणलं. कलम १२९. मला वाटायचं मागच्या माणसाला कायद्यानं मोजलंच नव्हतं. तसं नाही. १९८८ च्या मूळ कलमातही चालवणारा आणि बसणारा, दोघंही आहेत. सूट पगडी बांधलेल्या शिखांना. पण पुढं एक ओळ होती: राज्य सरकारांना योग्य वाटतील ते अपवाद नियमानं करता येतील. त्या एका ओळीतून देशभर किती वाटा फुटल्या! कुठं फक्त चालकाला सक्ती, कुठं फक्त महामार्गावर, कुठं बायकांना सूट. दिल्लीत तर २०१४ पर्यंत बायकांना हेल्मेट ऐच्छिक होतं. चंडीगडमध्ये बायकांना लागू व्हायला २०१८ उजाडलं.

२०१९ च्या दुरुस्तीनं ती ओळ काढली. आता चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट, दंड हजार रुपये आणि तीन महिने परवाना रद्द. हेल्मेट म्हणजे काय तेही कलमात सांगितलंय: पट्ट्यानं डोक्याला घट्ट बांधलेलं. बंद न लावता नुसतं ठेवलेलं कायद्याच्याही लेखी हेल्मेट नाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकरांसाठीही फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे. त्यांच्या मापाचं हेल्मेट, चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा आणि गाडी चाळीसच्या आत. आमच्या शाळेच्या दारात बालवाडीतली पोरं रोज टाकीवर बसून येतात. एकालाही मी तो पट्टा बांधलेला बघितला नाही.

दादा पुण्याला असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "माझं डोकं आहे, सरकारला काय त्याचं?" २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटची अंत्ययात्रा निघाली तेव्हाही तो हेच म्हणाला होता. हा प्रश्न खोटा नाही, त्याला उत्तर द्यायला हवं. सर्वोच्च न्यायालयानं ते १९८८ सालीच दिलंय. हैदराबाद-सिकंदराबादमधल्या सक्तीविरुद्ध एकजण तिथवर गेला होता, संचाराच्या स्वातंत्र्यावर गदा येते म्हणून. न्यायालयानं मानलं नाही. फिरायला कुणी अडवलेलं नाही, डोकं झाकून फिर एवढंच सांगितलंय.

माझं उत्तर साधं आहे. दादा, तुझं डोकं आपटलं असतं तर अंथरुणाशी कोण बसलं असतं?

तो बराच वेळ काही बोलला नाही. २०१५ ला तो सात रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपला होता.

५ डिसेंबर, गुरुवार

बडोद्याच्या आत्याचा फोन. तिचं अख्खं आयुष्य तिथं गेलं, मराठीत आता "बराबर" आणि "चालसे" येतं. ती सांगत होती, त्यांच्याकडं डिसेंबर २०१९ मध्ये एक दिवस बातमी आली की महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत हेल्मेट मरजीवर. त्याआधीच हजाराचा दंड पाचशेवर आणलेला. आत्याच्या सोसायटीत लोकांनी हेल्मेटं माळ्यावर टाकली. पुढच्या महिन्यात उच्च न्यायालयात सरकारनंच सांगितलं की हेल्मेट सक्तीचंच आहे. "मग परत उतरवली?" मी विचारलं. आत्या म्हणाली, "एकदा माळ्यावर गेलेली वस्तू कोण काढतंय, पोरी?"

हद्दीची पाटी रस्त्याच्या कडेला असते. डांबर पाटीच्या दोन्हीकडं तेच.

८ डिसेंबर, रविवार

आईसाठी नवं हेल्मेट आणायला कोल्हापूर. आधीचं २०१६ मध्ये घेतलेलं, आतला स्पंज चुरा झालाय. आईला बरोबर घेऊन गेले. हेल्मेट दुसऱ्याच्या मापानं आणायची वस्तू नाही, चपलेसारखीच ती.

महामार्गाच्या कडेला दोरीवर माळेसारखी टांगलेली हेल्मेटं दिसतात. आईनं तिथं थांबायला सांगितलं, "तीनशेत मिळतंय की." मी उतरून एक हातात घेतलं. आत बोटानं दाबलं. कापडाखाली पातळ फोम आणि त्याखाली थेट प्लास्टिक. जून २०२१ पासून भारतीय मानकाचा शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायलाही आणि विकायलाही बंदी आहे. तरी माळा तशाच.

दुकानात गेलो. दुकानदार समजूतदार होता, शिक्का आणि ४१५१ हा मानकाचा आकडा स्वतःहून दाखवला. आईनं विचारलं, "बाहेरचं एवढं कडक, मग आत ही थर्माकोलची भरती कशाला?" मला बरं वाटलं. हाच प्रश्न वर्गात कुणी विचारत नाही.

मी तिला सांगितलं. बाहेरचं कवच मार पसरवतं, दगडाचं टोक एका जागी घुसू देत नाही. पण डोकं वाचवतो तो आतला थर. डोकं आदळतं तेव्हा तो चेपतो, आणि चेपायला जो वेळ लागतो तेवढा वेळ डोक्याला थांबायला मिळतो. डोकं एका क्षणात थांबलं तर आतला मेंदू आपटतो. थोडं सावकाश थांबलं तर मेंदू सावरतो. म्हणूनच एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट परत वापरायचं नसतं, वरून धड दिसलं तरी आतला थर दबून गेलेला असतो.

"पण आपण तर हळू जात होतो," आई म्हणाली.

हे मी नऊ वर्षांत तिला सांगितलं नव्हतं. गाडी उभी असली आणि बसल्या उंचीवरून, म्हणजे दीडेक मीटरवरून, डोकं सरळ खाली आलं, तरी जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग गाडीचा नाही, पृथ्वीच्या ओढीचा. गावातल्या गावात जायचंय, हळू जायचंय, हेल्मेट कशाला, असं म्हणणाऱ्याला हे गणित ठाऊक नसतं. मला ठाऊक होतं. दरवर्षी नववीला मी ते फळ्यावर सोडवते.

आई काही बोलली नाही. माझा हात दाबला आणि दुकानदाराला म्हणाली, "ते निळं दाखवा."

अंबाडा ही मोठी अडचण. अंबाड्यावर हेल्मेट बसतच नाही, वर तरंगतं. दुकानदाराच्या आईनं आतून येऊन तोडगा सांगितला: अंबाडा सोडायचा, मानेवर सैल वेणी घालायची, डोक्याला पातळ सुती रुमाल. सदुसष्टाव्या वर्षी आईनं दुकानाच्या आरशापुढं अंबाडा सोडून वेणी घातली. मी बाजूला बघत राहिले.

घरी आल्यावर केंद्राचा २०२२ चा अपघातांचा अहवाल पुन्हा उघडला. हेल्मेट न घालता गेलेले ५०,०२९. त्यातले ३५,६९२ चालवणारे, १४,३३७ मागं बसलेले. मागच्या सीटवर कोण असतं ते आपल्या गावात कुणालाही विचारा. आई असते, बायको असते, बहीण असते, कडेवरचं मूल असतं. हेल्मेट घरात एकच असतं आणि ते चालवणाऱ्याचं असतं, कारण दंड त्याला होतो. गाडी विकताना हेल्मेट द्यावं असा केंद्राचा नियम कधीचा आहे. पण घरात येतं ते एकच, आणि सीट दोघांची. आईसारखी जी वाचली, तिचा आकडा या रकान्यात नाहीच.

१० डिसेंबर, मंगळवार

जुना विद्यार्थी मिशिगनहून बोलला, तिथं गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याला माझ्या वहीचा विषय सांगितला तर म्हणाला, "बाई, इथंही कोगनोळी आहे." त्यांच्याकडं २०१२ पासून एकवीस वर्षांवरच्याला हेल्मेटशिवाय मोटारसायकल चालवता येते, पण वीस हजार डॉलरचा वैद्यकीय विमाही लागतो. इलिनॉयमध्ये तर सक्तीच नाही. आयोवा आणि न्यू हॅम्पशरमध्येही नाही. एके काळी जवळजवळ सगळ्या राज्यांत कायदा होता, कारण तो नसेल तर केंद्राचा रस्त्यांचा पैसा अडायचा. १९७६ मध्ये ती अट काढली आणि एकामागून एक राज्यांनी कायदे सैल केले.

उलट व्हिएतनाम. तो तर दुचाकींचाच देश. १५ डिसेंबर २००७ ला सगळ्या रस्त्यांवर, पुढच्याला आणि मागच्याला, हेल्मेट लागू झालं. दहातली नऊ डोकी झाकली गेली. हद्द नाही, आजपासून म्हणजे आजपासून. तेव्हा लोक ऐकत नाहीत हे मला पटत नाही. लोकांना एकच गोष्ट एकाच आवाजात सांगितली तर ऐकतात.

११ डिसेंबर, बुधवार

नववीच्या तासाला धडा बाजूला ठेवून गोष्ट सांगितली. १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, अरबस्तानातला तो गाजलेला लॉरेन्स, मोटारसायकलवरून पडला. सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना. सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. ते मरण त्यांच्या मनातून गेलं नाही. त्यांनी लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापती एकेक करून तपासल्या आणि १९४१ मध्ये छापून सांगितलं: हेल्मेट जीव वाचवतं. लष्करानं त्याच वर्षी ते सक्तीचं केलं. साध्या माणसांसाठी ब्रिटनमध्ये कायदा झाला १९७३ ला.

एका मुलीनं बोटांवर मोजलं. "बत्तीस वर्षं, बाई?" मग तिनं विचारलं, "माहीत असून?"

तास संपल्यावर नाक्याचं उत्तर देणारा आठवीतला मुलगा व्हरांड्यात भेटला. बहुतेक नववीतल्या कुणी त्याला सांगितलं असावं. म्हणाला, माझी आई बाजाराला पप्पांच्या मागं जाते, तिच्यासाठी किती मापाचं लागंल? मी म्हटलं, कपाळावरून, कानांच्या वरून, डोक्याभोवती शिवणाची टेप धर आणि आकडा लिहून आण.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आणला. चौपन्न सेंटिमीटर. वहीच्या कोपऱ्यावर लिहून, खाली रेघ मारून.

१४ डिसेंबर, शनिवार, दत्तजयंती

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आईला नृसिंहवाडीला जायचं होतं. दादा म्हणाला गाडी पाठवतो, पण आई माझ्याच मागं बसणार म्हणाली. २०१५ नंतर ती इतक्या लांबवर माझ्या गाडीवर बसली नव्हती. या खेपेला दोन्हीकडं पाय टाकून, पंजाबी ड्रेस घालून. तो वहिनीनं पुण्याहून पाठवलेला. आई लाजली, पण बसली. हनुवटीचा बंद तिला लावता येईना, मी लावला, बोट घालून बघितलं.

नृसिंहवाडीला पाय ठेवायला जागा नव्हती. चपला ठेवतात तिथंच एका फुलवालीनं आमची दोन्ही हेल्मेटं ओट्याखाली ठेवून घेतली, वर झेंडूची पाटी. दुपार कृष्णेच्या घाटावर काढली. पाचच्या सुमाराला जन्मकाळ झाला, गुलाल उडाला, सुंठवडा मिळाला. धूप, ओली फुलं, नदी, गर्दी, सगळ्याचा मिळून एक वास तिथं असतो. मी आईला सांगत होते, ती डोळे मिटून ऐकत होती. मग कवठाची बर्फी घेतली. कवठाचा वास नाकात भरतो, म्हणून घ्यावी की नको असं मला झालं. आईनं तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "आंबटगोड आहे. एवढं कळतंय."

परतताना अंधार पडला. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पुढं, मागं दिवा नाही, लाल कापडसुद्धा नाही. मी गाडी बेतानं चालवत होते. कागलच्या अलीकडं एक गतिरोधक आला. याला पांढरे पट्टे होते, लांबूनच दिसले. तरी मी वेग अगदी कमी केला. आई पुढं झुकली आणि तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटला मागून लागलं. टक्.

"लागलं का गं?" तिनं विचारलं.

"नाही. तुला?"

"न्हाई," आई म्हणाली. पुढचा गतिरोधक आला तेव्हा पुन्हा टक् झालं.